आतोबांच्या दोन काठ्या

बहात्तरच्या दुष्काळात अख्ख्या मराठवाड्यात गोल्फ खेळणारा एकच माणूस असावा, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या पदरी पडला होता. आतोबा पलटणीत होते, पण बंदूक त्यांनी फारशी चालवली नाही. पंधरा वर्षं एका साहेबांमागे गोल्फच्या काठ्यांची पिशवी वाहिली. साहेबांनी नुसता हात मागे करायचा आणि आतोबांनी नेमकी काठी त्यात ठेवायची, एवढीच त्यांची लढाई. ते निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी लोखंडी डोक्याच्या दोन काठ्या दिल्या. "दोन्ही वापरून बघ. आवडेल ती ठेव, दुसरी मी येऊन नेईन."

इथेच घोळ झाला. एक काठी पात्यासारखी पातळ, चकचकीत, देखणी. चेंडू बरोबर मध्यावर बसला तर झकास, नाही तर झिणझिण्या थेट कोपरापर्यंत. दुसरी पाठीला खोलगट, कडेने जाड, दिसायला अगदीच गबाळी. पण ती खेळणाऱ्याची चूक पोटात घालायची. येडशीजवळचा तलाव कोरडाठाक पडला होता. त्यात आतोबा रोज सकाळी दोन्ही काठ्या घेऊन उतरायचे. काठावर आम्ही सगळे दुष्काळी कामावर खडी फोडत असू, आणि खाली हा गृहस्थ इस्त्रीची खाकी चड्डी घालून एकुलत्या एका चेंडूला 'सॉरी' म्हणत असे. मुकादमाने एकदा विचारलंच, "हवालदार, ह्याची हजेरी कोण लावतंय?"

सल्ला मात्र ते सगळ्यांचा घेत. लोहाराने दोन्ही काठ्या ऐरणीवर वाजवून सांगितलं, "ह्या पातळ काठीचा इळा लई बेस हुईल. जाडीचं काय बी हुनार न्हाय." आतोबा आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. आत्या रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापता थापता म्हणायची, "मला बघाया आलते तवा पाच मिन्टात व्हय म्हनले. दांडक्याला वरीस लागतंय?"

"तवापासनंच सावध झालो," आतोबा म्हणायचे.

मनातून त्यांना पातळच हवी होती, कारण साहेब तसलीच वापरायचे. पण हात ऐकत नव्हता. शेवटी साहेबांचं पत्र आलं: शुक्रवारच्या गाडीने लातूरला चाललोय, येडशीला भेट. आतोबांची झोप उडाली. गुरुवारी त्यांनी जाड काठीने चेंडू हाणला आणि तो जन्मात पहिल्यांदा तलाव ओलांडून पलीकडच्या बांधावर पडला. खडी फोडणाऱ्या बायांनी हातोडे थांबवले. आतोबा चक्क लाजले. "ठरलं," म्हणाले, "हीच माझी."

दुसऱ्या दिवशी मीही स्टेशनवर गेलो. साहेब फार थकले होते. चहाची बशी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. "अजून खेळतो रे," ते म्हणाले, "पण हल्ली हाताला झिणझिण्या सोसत नाहीत." आतोबांनी पुढे केलेली पातळ काठी मागे घेतली आणि त्यांच्या हातात जाड ठेवली.

"ही घ्या साहेब. माझ्या हाताला पातळच बसली."

गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते सावधान उभे होते.

पुढे तलावात पाणी आलं, तेव्हा ते माळावर खेळू लागले. दहा वर्षं खेळले, पण चेंडू पुन्हा धड शंभर पावलंही गेला नाही. आत्या म्हणायची, "बदलून आना की ती." कोपर चोळत ते म्हणायचे, "सवय हुईल." सवय काही शेवटपर्यंत झाली नाही. आम्ही त्यांना फार हसलो, आणि आता त्याचं वाईट वाटतं.