ओडेसाची खुर्ची

सोळा वर्षांत सात बदल्या झाल्या, पण ओडेसा प्रुइटने आपली खुर्ची कधी विकली नाही. केस कापायची ती खुर्ची, पायाने दाबून वर-खाली होणारी, लाल रेक्झिनची, वजनाला भलती जड. बदलीच्या वेळी पॅकर लोक प्रत्येक वस्तूला नंबराचं स्टिकर लावतात. आमच्या लष्करी वसाहतीत सगळे जण नव्या घरी गेल्यावर ती स्टिकरं खरवडून काढतात. ओडेसा काढत नसे. खुर्चीच्या बुडाशी तिने ती राहू दिली होती, वेगवेगळ्या रंगांची, एकावर एक.

मी तिच्या समोरच्या घरात राहायचो. तिचा नवरा क्लिफ्टन आणि मी टेक्सासच्या त्या छावणीत एकाच वर्कशॉपला, ट्रकच्या इंजिनांत हात काळे करणारे. क्लिफ्टन सहा महिन्यांसाठी कोरियात गेला होता आणि तिथून परस्पर वॉशिंग्टन राज्यात नव्या जागी हजर होणार होता. म्हणजे घर हलवायचं काम ओडेसावर आणि तिच्या सोळा वर्षांच्या डेलियावर आलं.

मागच्या बदलीत पॅकर लोकांनी खुर्चीचा पायपंप मोडला होता. तिने भरपाई मागितली. उत्तर आलं: जुनी खुर्ची, चाळीस डॉलर. पंप तिने स्वतःच्या पैशांनी दुरुस्त केला आणि तो चेक वटवला नाही. फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला. कोणी विचारलं तर म्हणायची, "माझी किंमत काढलीय त्यांनी. विसरू नये म्हणून लावलाय."

या वेळी तिने ठरवलं की सामान आपणच न्यायचं. सरकार पॅकरला जे पैसे देतं, ते स्वतः सामान नेणाऱ्याला वजनावर मिळतात. भाड्याच्या ट्रकचा आणि डिझेलचा खर्च वजा जाता उरेल ते आपलं. एका राज्याचा केशकर्तनाचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही, त्यामुळे दर बदलीनंतर ती वर्ष-दीड वर्ष कुणाच्या तरी दुकानात टॉवेल धुवत बसे. या वेळी उरलेल्या पैशांत परवाना काढायचा आणि एखाद्या दुकानात जागा भाड्याने घेऊन पहिल्या महिन्यापासून स्वतःच्या खुर्चीवर काम सुरू करायचं, असा तिचा बेत होता.

महिनाभर तिने किराणा आणला नाही. फ्रीझर रिकामा करायचा म्हणून त्या दोघींनी चवळी, मक्याचा ब्रेड आणि डब्यातले पीच असं काहीही एकत्र करून खाल्लं. खोकी दारूच्या दुकानातून फुकट आणली. कपबश्या क्लिफ्टनच्या जुन्या गणवेशांत गुंडाळल्या. पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून पिशवी पलंगाच्याच पायाला चिकटवली. शेवटच्या आठवड्यात रिवाजाप्रमाणे अर्धवट वापरलेले साबण, तेल, व्हिनेगर ओट्यावर मांडलं आणि गल्लीने ते तासाभरात नेलं.

शेजारचा ग्रेडी तेव्हाच आला. हाही आमच्यासारखा सार्जंट, तीन वेळा स्वतः सामान नेलेला. म्हणाला, "ओडेसाबाई, माझी चार पिंपं घेऊन जा. पाण्याने भरायची, वजनकाट्यावर जायचं, मग रस्त्यात ओतून टाकायची. वजनाला पैसे आहेत, पाण्याला काय लागतं?"

"आणि तुझा सल्ला कुठे ओतू?" ती म्हणाली. ग्रेडी हसत गेला. जाता जाता म्हणाला की सव्वीस फुटी ट्रक बाईमाणसाने डोंगरातून न्यायचा, तर एवढी कमाई हक्काचीच समज.

रिकाम्या ट्रकचं वजन आम्ही सोमवारी भंगारवाल्याच्या काट्यावर केलं. गुरुवारी सामान भरलं आणि मागे ट्रेलर जोडून त्यावर तिची छोटी कार चढवली. पुन्हा त्याच काट्यावर गेलो. मागे लोखंडाच्या गाड्यांची रांग, हॉर्न सुरू, भंगारवाला हात हलवतोय, पुढे घ्या, पुढे घ्या. ओडेसाने सगळी वरात काट्यावर उभी केली, वजनाची चिठ्ठी घेतली आणि निघाली. मी तिथेच उभा होतो. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस मी, पण मलाही काही खटकलं नाही.

तिला खटकलं ते वाटेत, अमारिलो शहरात. डिझेल भरताना तिने दोन चिठ्ठ्या शेजारी धरल्या. वसाहतीत आम्ही खोलीमागे हजार पौंड धरतो, म्हणजे तिचं सामान सात हजारांच्या आसपास हवं. चिठ्ठ्यांतला फरक साडेबारा हजारांचा होता. कार आणि ट्रेलर दोन्ही वजनात आले होते, आणि कारचे पैसे सामानात धरत नाहीत.

डेलियाने फोनवर हिशेब केला. साडेतीन हजार डॉलर जास्त मिळणार होते. पुढचं सगळं मला डेलियानेच सांगितलं.

"मम्मा, तू काही केलेलं नाहीस. चूक झाली. कोणाला कळणार?"

"मला कळलंय ना."

"त्यांनी तुला चाळीस डॉलर दिले होते. समज की बाकीचे आता देतायत."

ओडेसाने डिझेलची नळी पंपाला परत अडकवली. मग म्हणाली, "म्हणूनच नाही घ्यायचे. पैसे मागायला कचेरीतल्या टेबलापाशी मी उभी राहणार ना, तेव्हा एका पौंडावरसुद्धा त्यांना बोट ठेवता येता कामा नये. त्यांच्या चुकांवर बोट मी ठेवणार. चल, पट्टे सोड."

शेजारच्या ट्रक थांब्यावर मोठा काटा होता. अमारिलोचा वारा दरवाजा हातातून हिसकावत होता. दोघींनी चाकांचे पट्टे सोडले, कार उतरवली, साखळ्या काढल्या, ट्रेलर सुटा केला. ट्रेलरच्या जॅकने ओडेसाच्या बोटांची सालं काढली. एक ट्रकवाला मदतीला आला, त्याला तिने फक्त टॉर्च धरायला सांगितलं. नुसत्या ट्रकचं वजन केलं आणि मग सगळं पुन्हा जोडलं. फरक भरला सात हजार दोनशे.

वॉशिंग्टनला पोचून सामान उतरल्यावर ती क्लिफ्टनचं मुखत्यारपत्र घेऊन कचेरीत गेली. टेबलावरच्या तरुण कारकुनाने भरलेल्या ट्रकच्या दोन चिठ्ठ्या बघून भुवया चढवल्या. एकाच सामानाचं दोनदा वजन कशाला, असं त्याने विचारलं. संशय आला की अर्ज चौकशीला जातो, महिने लागतात, हेही ऐकवलं.

"पहिलीत माझी कार आहे," ओडेसा म्हणाली. "दुसरीत नाही. दुसरीचे पैसे द्या."

"मॅडम, ही पहिली तुम्ही दाखवलीच नसती तर..."

"तर आज मी तुमच्या डोळ्यांत बघून बोलू शकले नसते. चौकशी करायची तर करा. मी रोज सकाळी येऊन याच बाकावर बसेन."

ती खरंच सहा दिवस बसली, डबा घेऊन. सातव्या दिवशी अर्ज पुढे सरकला.

खर्च जाऊन जे उरलं, त्यात परवान्याची फी भागली. दुकानातल्या जागेचं भाडं भागत नव्हतं. परवाना येईपर्यंत खुर्ची नव्या घराच्या पुढच्या खोलीत, झाकून. शेजारच्या कॅप्टनच्या बायकोने गुपचूप केस कापून दे म्हटलं, तर तिलाही नाही म्हणाली. परवाना आल्यावर ती छावणीच्या फाटकापाशी एका म्हाताऱ्या न्हाव्याच्या दुकानात गेली. त्याची एक खुर्ची मोडलेली, नवी घ्यायला तो तयार नव्हता. ओडेसा म्हणाली, खुर्ची माझी आणीन, भाडं अर्धं. म्हाताऱ्याने कुरकुर करत मान डोलावली.

पुढच्या उन्हाळ्यात माझीही बदली तिकडेच झाली. पहिल्याच शनिवारी तिच्याकडे केस कापायला गेलो. खुर्ची वर घ्यायला तिने पायपंप दाबला, तेव्हा मी वाकून बुडाशी बघितलं. जुन्या स्टिकरांशेजारी पारदर्शक पट्टीखाली अमारिलोच्या चिठ्ठीची प्रत चिकटवली होती. आरशाच्या कोपऱ्यात चाळीस डॉलरचा चेक होता.

"अजून वटवला नाहीस?" मी विचारलं.

"सरळ बस," ती म्हणाली. "कान कापला जाईल."