शमशेरच्या पडद्यावरचा जवान

कडेगावच्या शमशेर पेंटरला चेहरा मनाने काढता येत नाही. मी त्याला चौथीत शिकवत होतो तेव्हा त्याच्या चित्रातला राजा आमच्या शाळेच्या शिपायासारखा दिसे. पुढे तो जत्रेचे, नाटकांचे पडदे रंगवू लागला. त्यांवर सगळी गावातलीच माणसं असत, आणि लोक आपापली तोंडं शोधायला गर्दी करत.

यंदा सीमेवर गोळीबार झाला, म्हणून गणेश मंडळाने युद्धाचा पडदा सांगितला. शमशेरने युद्ध कधी पाहिलेलं नाही. घरापुढे पडदा टांगून त्याने धूर काढला, काटेरी तारा काढल्या, बंदुका रोखलेले जवान काढले आणि मधोमध एक पडलेला. मंडळाचा अध्यक्ष जिनेश बघतच राहिला.

"चाचा, लय भारी. काटा आला अंगावर."

दुपारी बनुबाई आली. तिचा मुलगा नाथाजी फौजेत आहे आणि चार दिवस त्याचा फोन नव्हता. पडद्यापुढे ती मटकन खालीच बसली.

"शमशेरभाऊ, ह्यो माझा नाथा न्हवं?"

त्याच जाड भुवया, तीच हनुवटी. शमशेरला ते तेव्हा दिसलं.

"अल्लाची आण वैनी, ध्यानातच न्हाई आलं."

"जित्या माणसाला असं पाडत्यात व्हय?"

शमशेरने लगेच नाक बदललं, मिशी चढवली. संध्याकाळी पडद्यावर आपलंच तोंड बघून पानपट्टीवाला केरबा हसत आला. "गड्या, मी कवा गेलो रं फौजंत? मला कशाला मारतुयास?"

शमशेर माझ्याकडे वळला. "गुर्जी, आता कुणाला मारू?"

मी म्हटलं, "तुझं स्वतःचं तोंड काढ."

त्याची बायको जैनब आतून कडाडली, "आवं गुर्जी, तुमचंच द्या की!"

शेवटी त्याने तो जवानच पुसला. तिथे नुसती माती राहिली. जिनेश चिडला. "चाचा, लोकांनी रडायचं कुणाकडं बघून?" शमशेर ब्रश धुवायला लागला.

गणपती बसला त्या दिवशी पडदा लागला. नाथाजीचा फोन अजून आला नव्हता. बनुबाईने उभ्या जवानांची तोंडं एकेक करून पाहिली, दोनदा पाहिली.

"भाऊ, मग माझा नाथा कुठं गेला?"

शमशेरने शिडी मागवली आणि गर्दीसमोरच धुरात एक उभा जवान काढायला घेतला.

"भुवया आजून जाड," बनुबाई खालून सांगत होती.