विळीपुरती जागा

आमच्याकडे अजूनही ही गोष्ट हसत सांगतात. दादा तर पाहुण्यांसमोर नक्कल करून दाखवतो, त्या दिवशी एजंटाचं तोंड कसं पडलं होतं ती. सगळे हसतात. मी उठून गॅलरीत जाते. तेव्हा मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं आणि आजही दिसत नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही परळची खोली विकून विरारला ब्लॉक घ्यायचं ठरवलं. खोली आईच्या नावावर होती. वडील गेले होते, दादाचं लग्न झालं होतं, मी नोकरीला लागले होते, आणि एवढी मोठी माणसं त्या एका खोलीत मावेनाशी झाली होती. आईने कुरकुर केली नाही. जिथे संसार झाला ती खोली विकायला ती एका शब्दात तयार झाली. मागणं एकच होतं तिचं. "मला खाली बसून काम करता आलं पाहिजे," ती म्हणाली. "बाकी तुम्ही म्हणाल तसं."

आई रत्नागिरीकडची. तिचं सगळं काम बसून. विळीच्या पाटावर एक पाय, दुसरा गुडघा उभा, डावीकडे परात, उजवीकडे टोपली. भाजी चिरणं, मासे साफ करणं, नारळ खवणं, सगळं त्या एका बैठकीत व्हायचं. तासन् तास बसायची, पण ओट्यापाशी थोडा वेळ उभी राहिली की पोटऱ्या भरून यायच्या. त्यामुळे ओट्यावर फक्त शिजायचं, आणि शिजायच्या आधीचं सगळं जमिनीवर. आम्हा घरच्यांना यात काही विशेष वाटायचं नाही. परळच्या खोलीत स्वयंपाकाच्या कोपऱ्यात पसरट मोकळी जागा होती, ती आईची, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

एजंट विरारजवळच्या बोळिंजचा होता. स्कूटर, किल्ल्यांचा जुडगा आणि जिभेवर साखर. पहिल्याच भेटीत "मी तुमच्या घरातलाच समजा" म्हणाला. माणूस असं म्हणाला की मी पर्स जवळ घेते. दर रविवारी आम्ही बोळिंजला जायचो आणि तो आम्हाला अर्धवट बांधलेल्या इमारतींतून फिरवायचा. प्रत्येक दारात त्याचं ठरलेलं. "साहेब, तुम्ही हॉल बघा. वहिनी, तुम्ही किचन बघा." आईने काय बघायचं हे त्याने कधी सांगितलं नाही.

आई आपली सरळ स्वयंपाकघरात जायची आणि खाली बसायची. तिथे वाळू असो, सिमेंटचा धुरळा असो, पदर खोचून ती मांडी घालायची, मग एक गुडघा वर घ्यायची आणि दोन्ही हात दोन बाजूंना पसरायची. पहिल्यांदा एजंट घाबरला. "मावशी, दमलात काय? खुर्ची मागवू?" आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "जरा माझ्या मागून गॅसपर्यंत जाऊन दाखव." मी गेले. माझा कुडता तिच्या पाठीला घासला. "नको," म्हणून ती उठली. तो ब्लॉक बाद.

असे कितीतरी बाद झाले. एजंट दादाला बाजूला घेऊन विचारायचा, "मावशींना नक्की पाहिजे तरी काय?" दादा ओशाळून हसायचा. मला त्या हसण्याचा राग यायचा. पैसा जिच्या खोलीचा, तिने बसून बघितलं तर त्यात ओशाळण्यासारखं काय होतं?

शेवटी एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ती बसली आणि लवकर उठलीच नाही. खिडकीतून मागच्या वाडीतली नारळाची झाडं दिसत होती. मी तिच्या मागून गेले, आले, धक्का लागला नाही. "इथे बसेन मी," आई म्हणाली. घर त्या वाक्यावर ठरलं. मी तिथे होते, दादा-वहिनी होते आणि किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत तो एजंटही दारातच उभा होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याने जे केलं ते न कळून केलं असं कुणी म्हणू नये. कर्ज दादाच्या नावावर निघणार होतं म्हणून कागदही दादाच्या नावावर झाले. आईने तेही मान्य केलं.

पझेशनला वेळ होता. मधल्या काळात एजंटाने दादाच्या मागे भुंगा लावला. त्याच्या मेव्हण्याचा नालासोपाऱ्याला फर्निचरचा कारखाना होता. एक चकचकीत कॅटलॉग घेऊन तो परळला आला आणि म्हणाला की आता साध्या ओट्याचे दिवस गेले, आता सगळीकडे समोरासमोर दोन ओटे. एकावर गॅस, दुसऱ्यावर मिक्सर, ओव्हन. खाली स्टीलच्या ट्रॉल्या, वर सनमायकाची कपाटं. "लुक येतो, साहेब. दिसायला छान. उद्या विकायला काढलंत तरी किचन बघूनच गिऱ्हाईक हो म्हणेल." अजून राहायला गेलो नव्हतो आणि हा विकायच्या गोष्टी करत होता.

वहिनीला ते आवडलं. तिला मी दोष देत नाही. तीही नोकरी करायची, सकाळी तिला उभ्याउभ्या झटपट उरकायचं असायचं, आणि लग्न झाल्यापासून मांडणीतली भांडी खडखडवून ती कंटाळली होती. पण दुसरा ओटा नेमका कुठे येणार, हे कॅटलॉग बघताना कुणी बोललं नाही. मी ऑफिसात होते. आई शेजारच्या खोलीत हळदीकुंकवाला गेली होती. दादाने हो म्हणून टाकलं.

किल्ली मिळाली त्या दिवशी आम्ही सगळे गेलो. आई पिशवीत विळी घेऊन आली होती, फडक्यात गुंडाळलेली. स्वयंपाकघराच्या दारात ती थांबली. दोन्ही बाजूंना काळाभोर ग्रॅनाइट आणि त्यांच्यामधे एक बोळ. ती जिथे बसली होती तिथे ट्रॉल्या होत्या, चमच्यांची वेगळी, ताटांची वेगळी. एजंट एकेक ओढून दाखवत होता. "मावशी, कसं काय?" आई म्हणाली, "छान आहे." आणि पिशवी खाली ठेवायला तिने इकडेतिकडे जागा शोधली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दादाला तिथेच विचारलं, आई कुठे बसणार? त्याने एजंटाकडे पाहिलं. एजंट म्हणाला, "ताई, आता कोण खाली बसतं? सहा महिन्यांत सवय होईल बघा." बोळिंजला सगळे जेवतातसुद्धा उभ्यानेच का, असं काहीतरी मी त्याला म्हणाले. आईने माझा हात दाबला. नव्या घरात पहिल्याच दिवशी भांडण नको म्हणून मी गप्प बसले.

आई त्या बोळात बसून बघायची. ती बसली की ट्रॉली उघडायची नाही, आणि गॅसपाशी जायचं तर तिला ओलांडून जावं लागायचं. एका सकाळी वहिनीने घाईत ट्रॉली ओढली, ती आईच्या खांद्यावर आदळली. समोर विळी. थोडक्यात बचावली. वहिनी रडली, दादा हादरला, आणि हादरलेल्या दादाने काय करावं? ट्रॉली काढली नाही. आईला सांगितलं, "तू आता किचनमध्ये खाली बसायचं नाही." तिच्या काळजीनेच म्हणाला, मला कळतं. पण तिच्या खोलीच्या पैशांतल्या घरात तिच्यावरच बंदी आली, हे त्याच्या लक्षात आलं नाही याची मला चीड येते.

पुढे काही आठवडे सगळं सुरळीत दिसत होतं. डब्यात माशाचं कालवण असायचं, वाटणही तेच. आई कशी करते, कुणी विचारलं नाही. एकदा मी अंगात ताप म्हणून घरी राहिले. पडल्या पडल्या नारळ खवल्याचा आवाज ऐकू आला, पण स्वयंपाकघरातून नाही. उठून गेले तर आई बाथरूममध्ये बसलेली. विळी, परात, टोपली, सगळं जागच्या जागी. डोक्यावर खुंटीला दादाचा टॉवेल आणि आमचे रात्रीचे कपडे लोंबत होते.

"काय वाईट आहे?" आई मला म्हणाली. "धुऊन घेते ना आधी. पाणी हाताशी आहे."

संध्याकाळी मी घर डोक्यावर घेतलं. दादाने मान खाली घालून एजंटाला निरोप धाडला. तो आला तो हातात भेट घेऊन. प्लॅस्टिकचा एक पाट आणि सुरी. "मावशी, ह्याच्यावर उभ्याने कापायचं. आता सगळीकडे असंच." ही त्याची मदत. तो पाट मी त्याच्या डोक्यात घातला नाही, हे त्याचं नशीब.

त्यानंतर एका रविवारी सकाळी बेल वाजली. एजंट. मागे एक नवराबायको. "साहेब, पाचच मिनिटं. तुमचं किचन दाखवतो ह्यांना." आमच्या अगदी डोक्यावरचा ब्लॉक तो त्यांना विकत होता आणि सोबत तेच दोन ओटे, त्याच ट्रॉल्या. आमचं घर त्याने नमुन्याला लावलं होतं. दादाने दार उघडून दिलं, थोडा फुशारलाही.

बाई पाचूबंदरची, कोळ्यांच्या घरातली. नवरा सरकारी नोकरीत. एजंट ट्रॉल्या ओढत होता, कपाटं उघडत होता. बाईने सगळं निमूट पाहिलं आणि विचारलं, "समदं बरं हाय. पन म्हावरं कुठं बसून कापायचं?"

"बसायचं कशाला, वहिनी? उभ्याने," एजंट म्हणाला. "ह्या मावशींना विचारा. त्यांनासुद्धा सवय झाली. हो ना, मावशी?"

आई दारात उभी होती. तिने त्या बाईचं मनगट धरलं, तिला बाथरूमपाशी नेलं आणि दार ढकललं. आत विळी भिंतीला टेकवलेली होती. तपेलीत कोळंबी होती. शेजारी साबण, वर दादाची बनियन.

"इथे," आई म्हणाली.

"आगं आये! न्हानीत?" बाईने तोंडावर हात ठेवला. "न्हानीत कोन म्हावरं कापतं?"

आईने एजंटाकडे बोट केलं. तिचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "ह्यांना विचार. माझी खोली विकून हे घर घेतलं. बसायची जागा बसून बघितली मी, ह्यांच्यासमोर. ह्यांनी बघितलंय मला बसताना. आणि तिथेच ओटा घातला."

"मावशी, असं गिऱ्हाइकासमोर..." एजंट पुटपुटला. त्याला पुढे बोलू दिलं नाही मी. जे मनात होतं ते सगळं ऐकवलं आणि जिन्यापर्यंत पोचवून आले. दादा नक्कल करतो ती ह्याच वेळची. स्वतः तेव्हा फरशीकडे बघत कसा उभा होता, त्याची नक्कल तो करत नाही.

मला वाटलं ती बाई काही परत येणार नाही. पण तिने वरचाच ब्लॉक घेतला. एजंटाला बजावून सांगितलं, ओटा एकच, बाकीचं लाकूडसामान तुमच्या घरी न्या. राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी खाली आली. "आये, तुजी विळी घेऊन वर ये. माजी फरशी रिकामीच हाय."

आई गेली. आधी फक्त मासे करायला. मग नारळ खवायला. मग दोघी समोरासमोर बसून दोन्ही घरांचं चिरू लागल्या, आणि बघता बघता आमचं कालवणही वरच शिजू लागलं. पातेल्याला फडकं गुंडाळून आई जिना उतरायची. चेहरा पूर्वीसारखा झाला होता तिचा. खाली येईपर्यंत टिकायचा.

दादाला ते लागलं. "आई, तोडून टाकतो तो ओटा," तो एके दिवशी म्हणाला.

"राहू दे," आई म्हणाली. "दिसायला छान आहे."

मग गणपतीत मावशी आली, आईची धाकटी बहीण. पहिल्यांदाच येत होती. वहिनीने तिला घर दाखवलं, स्वयंपाकघर दाखवलं. ग्रॅनाइट आरशासारखं लखलखत होतं, त्यावर आता काही सांडतच नव्हतं.

"ताई कुठाय?" मावशीने विचारलं.

"वर गेल्यात. स्वयंपाकाला," वहिनी सहज म्हणाली. तिच्या तोंडात ते आता बसलं होतं.

मावशीचे डोळे मोठे झाले. "म्हणजे वरचा ब्लॉकपण तुमचाच?"

दादा चमच्यांची ट्रॉली उगाच आतबाहेर करू लागला. शेवटी मीच बोलले.

"नाही, मावशी. वरचं दुसऱ्यांचं आहे आणि हे दादाचं. आईची परळला खोली होती. ती विकली."