बॉनेटवरची झूल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मधे थांबावं लागणार नाही. मी जो घोळ घातला तो एखाद्याने ठरवून घालायचा म्हटला तरी जमणार नाही. मला तो सहज जमला.

त्याचं असं झालं, की मी गाडी घेतली. मरून रंगाची. शोरूमवाल्याने आधीच सांगितलं होतं, साहेब, गडद रंगावर बारीकसा ओरखडाही उठून दिसतो. मी घाबरलो, आणि तरी मरूनच घेतली.

मग सेवा सुरू झाली. नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, त्याच्यापुढे कुठला रंग टिकतो? सीताबर्डीला जाऊन मी मऊ कापडं आणली. धुवायला एक बादली, कापड पिळायला वेगळी. वर पॉलिशचा हात. गाडीवरच्या धुळीत कोणी बोटाने रेघ ओढली तर मी गॅलरीतून ओरडायचो. बायको, म्हणजे शुभांगी, एकदा म्हणाली, "माह्याकडं कधी एवढं पाह्यलं का हो?" मी म्हणालो, तुझा रंग कुठे उडतोय? त्या दिवशी माझं जेवण मीच गरम करून घेतलं.

तर, पोळ्याला आम्ही सासुरवाडीला गेलो. रामटेकच्या अलीकडे गाव आहे, धानाची शेती. सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो. त्यांची बैलजोडी मोठी देखणी, पण पोळ्यात गावचे बैल तोरणाखाली रांगेने उभे राहिले, की सजावटीचा पहिला नंबर दरवर्षी शेजारचे बापूराव घेऊन जातात. जेवताना ही गोष्ट आठवली तर मामाजींच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून या वर्षी सासूबाईंनी उन्हाळाभर बसून बैलांच्या पाठीवर टाकायला दोन झुली शिवल्या होत्या. पोळ्याच्या दिवसापर्यंत कोणाला दाखवायच्या नाहीत, असा मामाजींचा हुकूम होता. मलाही दाखवल्या नव्हत्या.

पोहोचलो आणि लक्षात आलं, गाडीचं कव्हर नागपूरलाच राहिलं. अंगणात सावली एकाच कडुनिंबाची, आणि त्या निंबावर गावातले सगळे कावळे. मामाजी बैलांच्या शिंगांना रंग देत होते. मी विचारलं, झाकायला एखादं जुनं कापड मिळेल का?

"गोठ्यामागं बाजेवर गोधड्या हायेत," ते मान वर न करता म्हणाले. "घ्या लागन तेवढ्या."

मी गोठ्यामागे न जाता गोठ्यात गेलो. तिथेही एक बाज होती. एका घरात दोन बाजा असतात हे मला काय ठाऊक? बाजेवर दोन जाड कापडं पसरलेली होती, वरून जुन्या धोतराची. जशी पडली होती तशीच उचलली. एक टपावर ओढलं, एक बॉनेटवर. वाऱ्याने उडू नये म्हणून कडेच्या गोंड्यांना नायलॉनची दोरी बांधून बंपरला आणि मागच्या दारांना चांगली ताणून आवळली. गोधडीला गोंडे कशाला, हा प्रश्न कोणालाही पडला असता. मला वाटलं, सोय चांगली केली आहे.

मग पुरणपोळ्या खाऊन झोपलो. बाहेर वारा सुटला होता, पण मी निश्चिंत.

जाग आली ती गडबडीने. झुली गायब! सासूबाईंनी पेट्या उपसल्या, शुभांगी माळ्यावर चढली. मीही जीव तोडून शोधत होतो. विहिरीतसुद्धा डोकावून आलो. चोरीची शंका पहिल्यांदा मीच काढली. आणि सकाळी बापूराव कुंपणापाशी घुटमळताना दिसले होते, हेही मीच सांगितलं. ते खरं तर माझी गाडी बघायला आले होते.

मामाजी गोठ्याकडे वळले. बैलांची दावी हातात घेतली.

"उघड्या पाठीनं जातीन आता," एवढंच म्हणाले. "आपल्या घरचे बैल असे कधी तोरणाखाली गेले नाईत."

ते गेले. त्यांचा आवाज ऐकून मला भरून आलं. इतकं वाईट वाटलं, की मी गाडीला टेकून उभा राहिलो. हलकेच, रंग जपून.

थोड्या वेळाने बापूरावच आले. वाटेत मामाजींनी त्यांना काय काय ऐकवलं असेल, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्यांचं लक्ष गाडीकडे गेलं. जवळ येऊन त्यांनी बॉनेटवरच्या कापडाचा कोपरा उचलला. डोळे दिपले. आतल्या बाजूने वितीवितीवर आरसे, आरशांमधे कवड्या. मळू नयेत म्हणून सासूबाईंनी झुली बाजेवर पालथ्या घातल्या होत्या.

"जवाईबापू," बापूराव शांतपणे म्हणाले, "गाडी पोळ्यात उभी करून राहिले काय?"

सासूबाई मटकन पायरीवर बसल्या. शुभांगीने माझ्याकडे पाहिलं. तसं पाहणं काय असतं, ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

मी गाठी सोडायला धावलो. सुटेनात. गोंडे गाठींतच अडकलेले, दोरी कापावी तर सोबत तेही कापले जाणार, आणि सासूबाई म्हणाल्या, आधी मला कापा. तिकडे ढोल वाजू लागले.

"गाठी सोडत बसान तं पोळा फुटून जाईन," बापूराव म्हणाले. "अशीच न्या."

म्हणून अशीच नेली. मागची दारं बांधलेली, त्यामुळे सासूबाई पुढे बसल्या, शुभांगी चालत आली. गावाला वाटलं, जावयाने काही नवीन काढलंय. लोकांनी कौतुकाने वाट करून दिली आणि मी गाडी थेट तोरणाखाली, बैलांच्या रांगेत नेऊन उभी केली. मामाजींनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग वाकून दाताने गाठी सोडल्या.

झुली बैलांच्या पाठीवर पडल्या आणि उतरत्या उन्हात असे आरसे चमकले की सगळा पोळा तिकडे बघत राहिला. पहिला नंबर मामाजींचा! बैलाच्या गळ्यात हात टाकून ते रडले. मलाही रडू आलं, पण मी बॉनेटकडे बघत होतो. प्रत्येक आरशाने रंगात आपापलं वर्तुळ कोरलं होतं. मधल्या जागेत कवड्यांनी काम केलं होतं.

तेवढ्यात बापूराव सरपंचांच्या कानाशी काहीतरी पुटपुटले आणि माईकवरून आवाज आला. उत्तेजनार्थ नारळ, जवाईबापू अन् त्यांची गाडी. जोडी शहरातली हाय, पण रांगेत शिस्तीत उभी राह्यली.

"जा, जवाईबापू," मामाजी डोळे पुसत म्हणाले. "पहिल्याच पोळ्यात नंबर आला."

मी मान खाली घालून निघालो. जाता जाता कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, बैलाला मारतात तशी.