चष्म्याच्या दुकानातली राणीसरकार

...तर काच फुटली. दुसऱ्यांदा. आणि तीही गिऱ्हाइकाच्या पुढ्यात. गिऱ्हाईक भलं होतं, म्हणालं, "असू द्या हो, होतं असं." पण धाकट्या मालकांना ते ‘असू द्या’च जास्त झोंबलं.

काच फोडणारी बाई चष्म्याच्या त्या दुकानात कितीतरी वर्षं कामाला होती. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, वाकड्या काड्या सरळ करायच्या. थोरले मालक, म्हणजे धाकट्यांचे काका, दुकान बघत होते तोवर ती मागच्या खोलीत बसायची. कानात कापसाचे बोळे, तोंडातून चकार शब्द नाही. येताना ‘काय, कसं काय’ नाही, जाताना ‘येते’ नाही. काउंटरवरच्या विक्रेत्याने म्हणून तिचं नाव पाडलं राणीसरकार. तोंडावरच म्हणायचा.

काका थकून घरी बसले. दुकान पुतण्याच्या हाती देताना एवढंच म्हणाले, "काय हवं ते बदल, पण बाईला जाऊ देऊ नकोस. तसा हात पुन्हा मिळायचा नाही." पुतण्या हौशी माणूस. त्यांनी मधली भिंत पाडली, आरसे बसवले, गाणी लावली आणि बाईंचं टेबल आणून ठेवलं थेट दारापाशी. का, तर काम कसं चालतं ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं! झालं, तिथेच घोडं पेंड खायला लागलं. दाराची करकर, गाणी, चहूकडची बडबड. बाईंचा हात चुकायला लागला.

"बाई, तुमचं कामात लक्ष नाही," मालक म्हणाले. ती त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत उभी. "इकडे बघा. माझ्याकडे बघून बोला. मनात काही असलं की माणूस नजर चुकवतो."

"तोंडाकडे बघितलं की बोललेलं कळत नाही," ती बटणाला म्हणाली. "ऐकू की बघू, ते सांगा."

विक्रेता फिसकन हसला. "गाणी बंद करू का, सरकार? आणि आम्ही डोळेही मिटून घेतो."

"गाणी बंद करा. डोळे उघडे ठेवा, खाली काच सांडलीय."

तिने विनोद केला नव्हता, पण सगळं दुकान हसलं. हसणं संपल्यावर ती म्हणाली, "या महिन्यानंतर मी येणार नाही." आणि फडकं घेऊन काच गोळा करायला बसली.

धाकट्या मालकांना काकांची ताकीद आठवली. काकांना आता काय तोंड दाखवणार? घरी जाऊन त्यांनी थोरल्या बहिणीपुढे गाऱ्हाणं मांडलं. ती शाळेत शिकवायची.

"अरे, काहींचा मेंदूच निराळ्या घडणीचा असतो," ताई म्हणाली. "तो आजार नव्हे, आळस नव्हे आणि आखडूपणा तर मुळीच नव्हे. माझ्या वर्गात आहेत अशी मुलं. कुणाला आवाज टोचतो, कुणाला गर्दी. एकासारखं दुसरं नसतं. तुझ्या बाईंना काय टोचतं ते..."

मालकांनी ‘निराळ्या घडणीचा’पर्यंतच ऐकलं. अशा माणसांच्या अंगी काहीतरी अचाट असतं, असं त्यांच्या कानावर कुठूनतरी आलं होतं. दुसऱ्या दिवशी हात बांधून अदबीने टेबलापाशी उभे.

"बाई, पुढच्या वर्षी याच तारखेला वार कोणता येईल हो?"

"कॅलेंडर तुमच्या मागे आहे."

"बरं, सत्तेचाळीस गुणिले अठ्ठावन्न?"

"मला पाढे येत नाहीत. शाळेत त्यापायी मार खाल्लाय."

मालकांचा उत्साह फुस्स झाला. पण हौस कुठली गप्प बसायला! देवी नाही, तर मग बाळ. बाईंशी ते एकेक अक्षर लांबवून बोलायला लागले. "पाऽणी हवं का? बरं वाऽटतंय ना?" सकाळी तेच, दुपारी तेच, चहाच्या वेळीही तेच. एकदा तर पेला स्वतः तिच्या तोंडापर्यंत नेला. तिने तो काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

शेवटी विक्रेत्यालाच राहवेना. "मालक, तुम्ही तिला तारखा विचारल्या, पाढे विचारले, पाणी विचारलं. का चाललीस, ते विचारलंत का?"

मालक म्हणाले, "तू तरी विचारलंस?"

"मी कुठला! मला वाटायचं, हिला माणसंच नकोत."

त्या दिवशी दुकान बंद करायच्या वेळी मालकांनी गाणी थांबवली, स्टूल ओढलं आणि ते बाईंच्या समोर न बसता शेजारी बसले. दोघांची नजर टेबलावरच्या फ्रेमवर. नेहमीच्या आवाजात, न लांबवता त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही राहायचं म्हटलं तर मी काय करायला हवं?"

तिने आधी हातातला स्क्रू पुरता आवळला. मालक तोवर थांबले. मग ती म्हणाली,

"मला आडोसा करून द्या, मी राहीन. भिंत नको, कपाट आडवं लावलं तरी भागेल. माणसं मला आवडतात, पण सगळी एकदम नाही. एकेक करून आत पाठवा. आणि ते ‘बरं वाटतंय ना’ बंद करा. मला बरं वाटत नसलं की मी सांगते. तुम्ही लोक सांगत नाही, म्हणून तुम्हाला एकमेकांना सारखं विचारत बसावं लागतं."