बायें पचास

१९७१ च्या डिसेंबरात आमची मॉर्टर प्लाटून, म्हणजे उखळी तोफांची तुकडी, पूर्व सीमेवर होती. मी नाईक, हिंगणघाटचा. लान्स नाईक दानियेल पुलगावचा. मी बौद्ध, तो ख्रिस्ती. पण जिल्हा एकच, म्हणून ताटं शेजारी असायची. रोज दाढी झाली की तो बायबलच्या नव्या कराराचं एक पान वाचायचा.

त्या दिवशी सकाळी सात वाजता आमची एक कंपनी कापलेल्या भातशेतातून पुढे निघाली. समोरच्या गावाच्या कडेवरून दुश्मनाची मशीनगन सुरू झाली. दहा मिनिटांत आमचे चार जवान गेले. बाकीचे उघड्यावर पडून होते. दानियेल पुढे ओपीवर, म्हणजे टेहळणीच्या जागी होता. गोळा कुठे पडला ते पाहून रेडिओवर दुरुस्ती सांगणं हे त्याचं काम. मी मागे, बांधाआड, मॉर्टरवर. रेडिओ माझ्या शेजारीच होता.

आमचा पहिला गोळा गनच्या उजवीकडे, रिकाम्या शेतात पडला. दानियेलचा आवाज आला, "साहब, गन के पीछे घर है. औरतें हैं, बच्चे भी. ओव्हर."

माझ्या शेजारी रेडिओवर असलेले आमचे कॅप्टनसाहेब म्हणाले, "गन वहीं है?"

"वहीं है, साहब."

"हमारे जवान खुले में हैं. करेक्शन दो."

मी गोळा हातात घेऊन थांबलो. मग, "बायें पचास. फायर."

मी मारा पन्नास मीटर डावीकडे सरकवला आणि सहा गोळे टाकले. गन बंद झाली. कंपनी पुढे गेली.

दुपारी आम्ही त्या गावातून गेलो. त्या घरात सात जण मरून पडले होते. तीन बाया, एक म्हातारा, तीन लेकरं. एका बाईच्या हातात सूप होतं. दानियेलने हेल्मेट काढलं आणि पुढे जायचा हुकूम होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

पुढे आम्ही दोघंही पेन्शनवर गावी आलो. एका रविवारी मी पुलगावला त्याच्यासोबत चर्चमध्ये गेलो. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला सगळे उठले, दानियेल बसून राहिला. युद्धावरून आल्यापासून त्याने ते घेतलं नव्हतं. बाहेर आल्यावर पाळक म्हणाले, "दानियेल, तुझा नेम बंदुकीवर होता, त्या लोकांवर नव्हता. देव मन पाहतो."

"नेम बंदुकीवरच होता, पाळकसाहेब. पण बाया मले दिसत होत्या."

"तू गप्प राहिला असतास तर आपले जवान मेले असते."

"मेले असते. म्हणून तर बोललो. पण त्या लेकराईनं काय केलतं?"

"क्षमा मागितलीस ना?"

"देवाले रोज मागतो. त्याईले कुठं मागू?"

पाळकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

स्टेशनच्या वाटेवर मी विचारलं, "गोळे तं मी टाकले. मले काऊन काही म्हणत नाईस?"

"तुले कुठं दिसत होतं?"

"ऐकू येत होतं, दानियेल."

तो थांबला. मग म्हणाला, "चाल. तुही हिंगणघाटची गाडी येईन."

१९८४ साली तो गेला. दफन झाल्यावर लोक पांगले. मी पाळकांना म्हणालो, "त्या सात जणांसाठीही प्रार्थना करा."

त्यांनी नावं विचारली. मला माहीत नव्हती. मग त्यांनी तशीच प्रार्थना केली: तीन बाया, एक म्हातारा, तीन लेकरं. मी टोपी काढून उभा होतो. ते 'आमेन' म्हणाले. मला तो शब्द सवयीचा नव्हता, तरी त्यांच्यामागून मीही म्हणालो.