दोन बोटं माती

धावजीबद्दल मी लिहावं इतका तो मला माहीत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. त्याचं आडनाव मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं. त्याला मूलबाळ आहे का, तो जेवतो कुठे, हेही कधी विचारलं नाही. सव्वा वर्ष तो आमच्या अंगणात येत होता, आणि तेवढ्या काळातलं आमचं सगळं बोलणं लिहून काढलं तर वहीची दोन पानंही भरणार नाहीत. त्यात त्याचा दोष नाही. मीच कमी बोलतो, आणि लिहितो त्याहून कमी. पण माझी पत्नी रजनी म्हणाली, "पाहिलंत तुम्ही, मग लिहा तुम्हीच." म्हणून बसलो आहे. कुठे चुकलं तर समजून घ्यावं.

मी भूमी अभिलेख कार्यालयात छत्तीस वर्षं कारकून होतो. काळी, मुरमाड, बरड हे शब्द मी हजारो कागदांवर लिहिले असतील. हाताला माती मात्र फारशी लागली नाही. निवृत्तीनंतर बरीच वर्षं भाड्याच्या घरात काढली. मग आमच्या श्रेयसनं, म्हणजे मुलानं, यवतमाळबाहेर आर्णी रोडवर झालेल्या नव्या अठरा घरांतलं पहिल्या नंबरचं घर आमच्यासाठी घेतलं. तो पुण्याला असतो. फोनवर म्हणाला, "बाबा, समोर लॉन आहे. सकाळी अनवाणी चालत जा."

गेल्या वर्षी गुढीपाडव्याला चाव्या मिळाल्या. त्या दिवशी ट्रकमधून गवत आलं. गवत असं चटईसारखं गुंडाळून येतं हे मी पहिल्यांदाच पाहिलं. खाली माती पसरून सपाट केलेली होतीच. बिल्डरचा सुपरवायझर पिंटू सगळ्यांना गोळा करून म्हणाला, "हे धावजीमामा. यांचा हातगुण अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. पहिली गुंडाळी यांच्याच हातानं सुटणार, मग बाकीची पोरं अंथरतील."

हातगुणाचं इथल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्या कुणी वाचलं तर सांगतो. काही माणसांच्या हातानं लावलेलं जगतं, असं आमच्याकडे मानतात. हळदीचा पहिला कंद, संत्र्याचं पहिलं कलम अशा माणसाच्या हातून लावून घेतात. धावजीला दिग्रसपर्यंतच्या गावांतून बोलावणं यायचं. जाताना नारळ आणि टोपी घ्यायचा, दुसरं काही नाही. हे मला पिंटूनं सांगितलं. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, पण आपल्या अंगणात पहिली गुंडाळी सुटते आहे याचं बरं वाटलं होतं.

धावजी साठीचा असेल. काटक, पांढरे खुंट वाढलेले, खांद्यावर चौकड्याचा पंचा, कमरेला खुरपं. त्यानं चपला फाटकाबाहेर काढल्या, वाकून जमिनीला हात लावला आणि गुंडाळी उलगडत गेला. शेवटी बैलाच्या पाठीवर मारावी तशी गवतावर थाप मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो इतका लाजला की पंच्यानं तोंडच पुसत राहिला. मला तो तेव्हाच आवडला. सांगितलं मात्र नाही. पुढे पाणी देण्याचं, निगा ठेवण्याचं काम त्यालाच दिलं.

पावसाळाभर गवत हिरवं राहिलं. दसऱ्यानंतर पिवळं पडू लागलं. आधी बशीएवढे डाग, मग ताटाएवढे. आमच्याकडे सुरुवात झाली आणि महिन्याभरात अठराही अंगणांत तेच. बिल्डरच्या माणसांनी आधीच लावलेली जास्वंद वाळली, मोगऱ्याची पानं जळाल्यासारखी झाली. धावजी उकिडवा बसून खुरप्याचं टोक गवतात दाबून पाहायचा.

"साहेब, खाली टनक लागून राह्यलं," तो मला एकदा म्हणाला.

मी पिंटूला विचारलं. पिंटू हसला. "मुरूम आहे तो. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून टाकलाय, नागपूरच्या इंजिनियरच्या नकाशात आहे. आणि मामा, खोदू नका हं, खाली केबल आहे. शॉक बसून मराल."

घराबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतही ते वाक्य होतं, अंगणात खोदकाम करू नये. मी ते धावजीला वाचून दाखवलं.

"छापेल हाय का?" त्यानं विचारलं.

"हो, हे काय."

"मंग असंनच," तो म्हणाला आणि खुरपं कमरेला खोचलं. मलाही तसंच वाटलं. जन्मभर छापील कागदांतच बसलेला माणूस मी.

मग लोक बोलायला लागले. शेजारचा सलील बँकेत आहे, मनानं वाईट नाही, पण त्याला जिभेवर ताबा ठेवता येत नाही. एका रविवारी सगळे फाटकाशी उभे असताना तो ओरडला, "काय मामा, हाताची व्हॅलिडिटी संपली वाटते! रिचार्ज मारा ना!"

सगळे हसले. धावजीही हसला. "कुठं मारतेत भाऊ थो रिचार्ज?" म्हणाला. मग आणखी हसले. मीही हसलो होतो, हे लपवत नाही.

जानेवारीत कॉलनीची बैठक झाली. मी बैठकांत कधी बोलत नाही. त्या दिवशी अध्यक्षांनी माझ्याकडे बोट केलं, "काका, तुमचं काय मत?" मी गडबडलो, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो, "माणूस बदलून पाहावा." मागे वळलो तर धावजी पाण्याचा पाईप गुंडाळत होता. त्यानं वर पाहिलं नाही. पाईपची वेटोळी मात्र नेहमीपेक्षा हळू पडत होती.

दुसरा माणूस मिळाला नाही. तोच येत राहिला. पण त्या दिवसानंतर तो उजाडायच्या आत यायचा, आणि सायकलच्या कॅरियरला एक भरलेली गोणी असायची. गोणीतलं तो मुठीमुठीनं गवतावर पसरायचा. सगळ्यात आधी आमच्या अंगणात. मी एकदा खिडकीतून विचारलं, "खत का?" तो म्हणाला, "थोडी माती साहेब." कुठली माती, हे मी विचारलं नाही. चार महिने गोण्या येत राहिल्या. थोडं हिरवं दिसायचं, पुन्हा करपायचं.

मे महिन्याच्या शेवटी एका शुक्रवारी त्यानं मला कढीपत्त्याचं रोप आणून दिलं. तेव्हा आमचं जे बोलणं झालं ते शेवटचं. ते पुढे लिहितो. त्यानंतर तो आला नाही. मला वाटलं, पेरणीचे दिवस आहेत, गेला असेल कुणाच्या शेतावर. सलील म्हणाला, "पळाला मामा." मी रजनीला म्हटलं, "येईल." एवढंच.

मृग लागल्यावर, रविवारी, मी ते रोप लावायला घेतलं. केबलची धास्ती होती म्हणून भिंतीजवळचा कोपरा निवडला. आयुष्यात पहिल्यांदा फावडं धरलं. पहिल्याच घावाला गवत सालीसारखं सोलून वर आलं. खाली माती होती ती दोन बोटं. मी बोटं लावून मोजली. त्याखाली सिमेंटची फाटकी पोती.

मला वाटलं, एखादं पोतं राहून गेलं असेल. ओढलं, तर त्याखाली दुसरं. त्याखाली प्लास्टरचे पांढरे खपले, फुटक्या टाइल्स, रंगाचे डबे, गवंड्याची एक तुटकी चप्पल. एक पोतं आख्खंच्या आख्खं भिजून दगड झालेलं. गुडघाभर खोल गेलो, मुरूम नव्हता. दुसरा कोपरा उकरला, मग मधोमध. सगळीकडे तेच. केबल कुठेच नव्हती.

रजनी चहा घेऊन आली आणि कप हातात धरून तशीच उभी राहिली.

"अहो, हे काय? वर्षभर आपण याला पाणी घातलं?"

  हे सगळं आमच्या पायाखाली होतं. मी यावर अनवाणी चाललो होतो. श्रेयसला फोटो पाठवले होते.

सलील आवाज ऐकून आला, खड्ड्यात वाकून पाहिलं आणि परत गेला. थोड्या वेळानं त्याच्या अंगणातून पहारीचे घाव ऐकू आले. मग त्याची हाक आली, "काका, इकडं या." त्याच्या हिरवळीखाली संडासाचं एक फुटकं भांडं निघालं होतं. एरवी त्यानं यावर दहा विनोद केले असते. तो पहारीवर हात ठेवून उभा होता, चेहरा उतरलेला. दुपारपर्यंत आठ अंगणं उकरून झाली. आठही सारखीच. पिंटूचा फोन बंद होता. पुढे तक्रार केली आहे, त्याचं काय व्हायचं ते होईल.

"मामाले सांगाले पायजे," सलील म्हणाला. नेमका मीही तोच विचार करत होतो.

मी दगड झालेल्या पोत्याचा एक तुकडा आणि टाइलच्या चिपा पिशवीत घेतल्या आणि सलीलच्या गाडीवर बसलो. धावजीचा तांडा आर्णीच्या बाजूला, आमच्याकडून नऊ किलोमीटर. हा माणूस रोज एवढं अंतर गोणी लादून सायकल मारत होता, हे मला त्या रस्त्यावर कळलं.

घर विचारत गेलो. दारात मांडव होता, बरीच माणसं बसली होती. लग्न आहे असं वाटून मी सलीलला म्हणालो, "आपण मग येऊ." तेवढ्यात एक म्हातारा पुढे आला. तो धावजीचा मोठा भाऊ, हरिसिंग.

"कॉलनीतले का?" त्यानं विचारलं. "उशीर केला साहेब. आज दहावा दिवस हाय."

मला काही समजेना. त्यानंच सांगितलं. शुक्रवारी धावजी दुपारी घरी आला, पाणी मागितलं, बाजेवर टेकला. पाणी आणेपर्यंत संपला होता. शुक्रवारी. म्हणजे रोप देऊन गेला त्याच दिवशी. मी दहा दिवस 'येईल' म्हणत होतो.

कुणीतरी खुर्ची दिली, मला बसवेना. धावजीची बायको लालीबाई आत भिंतीशी बसली होती. तिनं विचारलं, "ते गवत लागलं का हो?"

मी नकारार्थी मान हलवली. मग ती उठली आणि आम्हाला घराच्या मागे घेऊन गेली. तिथं एक मोठा चौकोनी खड्डा होता, कमरेएवढा.

"इथं वाफा होता," ती म्हणाली. "वांगे, मिरच्या, मेथी-सांबार. पंधरा वर्सं शेणखत टाकून माती केली होती त्यानं. सारी तुमच्याकडे गेली. म्या म्हनलं, कायले नेता? तर म्हने, माह्या हातानं मेलं, मलेच जगवा लागंन."

सलील मागे वळला आणि भिंतीला टेकवलेल्या धावजीच्या सायकलजवळ जाऊन उभा राहिला.

"यंदा हळदीले हात नाही लावला त्यानं," हरिसिंग म्हणाला. "माह्याच वावरात. अखाजीच्या मुहूर्ताले कंद हाती देला तर खाली ठेवला. म्हने, माह्या हातातलं गेलं, आता दुसरा पाहा. चाळीस वर्सं लावत होता साहेब. गावोगावचे लोक परत पाठवले त्यानं."

 पिशवीतून तो तुकडा काढला आणि हरिसिंगच्या हातात दिला. खाली काय निघालं ते सांगितलं, तुटकतुटक. त्यानं तुकडा उलटसुलट पाहिला. त्याचा चेहरा असा झाला की मला भीती वाटली.

"हे खाली होतं?"

"हो. सगळीकडे. माती दोनच बोटं होती."

"मले नका सांगू," तो म्हणाला, माझा दंड धरून मांडवाकडे नेत. "या लोकायले सांगा. साऱ्यायले सांगा."

मी चार माणसांपुढे कधी बोललेलो नाही. मांडवात पन्नासेक तरी असतील. दिग्रसकडून आलेले शेतकरीही होते, धावजीच्या हातानं लावून घेणारे.  शेवटी म्हणालो, "त्याच्या हातात काही खोट नव्हती. आमच्या अंगणात मातीच नव्हती." आणखीही काही बोललो असेन, आठवत नाही. 'माणूस बदलून पाहावा' असं मी म्हणालो होतो तेही सांगितलं. कुणी रागावलं नाही. ते सिमेंटचं ढेकूळ हातोहात फिरत राहिलं, जो तो खुरप्यासारखं नख लावून पाहत होता. लालीबाईपाशी आलं तेव्हा तिनं ते पदराखाली घेतलं आणि परत दिलं नाही.

एवढंच मला माहीत आहे. त्याचं आडनाव राठोड, तेही मांडवातल्या फलकावर वाचलं. रोप अजून पिशवीतच आहे, जगलं आहे. कोपऱ्यातला मलबा मी काढला, आता माती आणायची आहे.

त्या शुक्रवारचं बोलणं लिहायचं राहिलं. मी पेपर हातात घेऊन दारात उभा होतो. त्यानं सायकलच्या हँडलची पिशवी सोडली.

"हे घ्या साहेब. कढीपत्ता. बाईंनी मांगितला होता."

"आलाच आहेस तर लावून टाक ना."

"नाही. तुमी लावा, तुमच्या हातानं."

"मला कुठे येतं?"

"येते. खड्डा करा, ठिवा, माती लोटा. मृग लागू द्या मात्र."

"पाणी किती घालू?"

"तांब्याभर. रोज नाही."

"बरं."

"येतो साहेब."

"ये."